गजर लावून पुन्हा घड्याळ बघणारा जानू

जानू पागधरेचा दिवस पंचमीला पावणेतीनला सुरू व्हायचा, षष्ठीला साडेतीनला आणि सप्तमीला सव्वाचारला. रोज पाऊण तास पुढे. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा पहिल्यापासून.

याला कारण सातपाटीची खाडी. ती उथळ आहे. भरती नसेल तर बोट आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, आणि पाऊणकीचा पाढा किनाऱ्यावरच्या माणसाला शाळेत न जाताही येतो. पाच पाऊणे पावणेचार, म्हणून पंचमीची भरती पावणेचारला. बोटींना समुद्रावर जाताना बर्फ लागतो. त्यामुळे भरतीच्या तासभर आधी बर्फ कारखान्यातल्या माणसाला उठून बर्फाच्या लाद्या सोडवायला लागायचं. हा माणूस जानू. घर खाडीपलीकडे मुरब्याला, काम अलीकडे सातपाटीला, आणि पाळी असेल तेव्हा झोप कारखान्यातच, कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेरच्या बाकावर.

१९७२ साली, बाविसाव्या वर्षी तो तिथे लागला. आधी लाद्या ओढायचं काम, मग दोन वर्षांनी यंत्रावर. मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे उभे. कॉम्प्रेसर हौद थंड ठेवतो आणि डब्यातलं पाणी दिवसभराने दगड होतं. डबा उचलायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, कडा सुटल्या की आडवा करून लादी बाहेर घ्यायची. काम अंगमेहनतीचं. ज्याने हात बधिर होईस्तोवर ते केलं नाही, त्याने त्याबद्दल बोलू नये.

मॅनेजरचा नियम असा होता की यंत्रावरच्या माणसाने दर अर्ध्या तासाने उठून हौदाभोवती फेरी मारायची. दुसऱ्या पाळीचा शांताराम हा नियम अक्षरशः पाळायचा. अर्धा तास झाला की उठे, हौदात हात घाले, तापमान बघे, सगळं ठीक आहे असं स्वतःशीच म्हणून परत आडवा होई. पाळीत सोळा वेळा उठे, त्यातल्या तेरा वेळा काहीच काम नसे. सकाळी त्याचे डोळे लाल, आणि खरं काम आलं की हाताखालून काहीतरी सुटायचंच.

जानूचं म्हणणं सरळ होतं. हौद अर्ध्या तासात बदलत नाही, मग मी कशाला उठू? त्याने भिंतीवर खडूने पाळीतली सगळी कामं आणि त्यांच्या वेळा लिहायला सुरुवात केली. कोणत्या रांगेचा बर्फ किती वाजता तयार होणार, टाकीत पाणी कधी भरायचं, कॉम्प्रेसरचं तेल कधी बघायचं, भरती कधी. त्यातली सगळ्यात जवळची वेळ बघायची, घंटीच्या घड्याळाचा काटा तिच्यावर लावायचा आणि गाढ झोपायचं. उठल्यावर ते काम करायचं, आणि पुढच्या पाव तासात येणारं दुसरं एखादं काम असेल तर तेही त्याच उठण्यात उरकायचं. मग भिंतीकडे बघून पुन्हा जवळची वेळ शोधायची. पाळीत चार वेळा उठायचा, आणि चारही वेळा हाताला काम असायचं.

कॉम्प्रेसरचंही त्याचं गणित ठरलेलं होतं. थांबलेलं यंत्र सुरू करताना ते विजेचा मोठा घास घेतं, पट्टे कुरकुरतात. म्हणून चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळ थांबायचं असेल तर जानू यंत्र बंद करत नसे, नुसतं भार काढून मोकळं फिरवत ठेवी. त्याहून जास्त वेळ असेल तर पूर्ण बंद. हा आकडा त्याला कुणी सांगितला नव्हता. एका उन्हाळ्यात विजेच्या मीटरसमोर पाट मांडून बसून त्याने तो स्वतः काढला होता.

शांताराम त्याला आळशी म्हणायचा. मॅनेजरने काही दिवस वाट बघितली. जानूच्या पाळीत लाद्या कमी फुटत होत्या. मॅनेजरने मग नियमाचं नाव काढलं नाही.

जानूच्या हातून एकदाच चूक झाली आणि ती सगळ्या गावाने पाहिली. १९७८चा आश्विन, पंचमी, दुपारची वेळ. दुपारची भरतीही पावणेचारची, म्हणजे गजर पावणेतीनचा. सकाळपासून त्याने एकट्याने दोन रांगा उपसल्या होत्या. बोटं जड झालेली. घड्याळाची चावी सापडेना, ती शोधली, चावी दिली, गजराचा काटा नीट पावणेतीनवर आणला आणि बाकावर आडवा झाला. घड्याळात तेव्हा दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. ते त्याने बघितलंच नाही. काटा बरोबर लागला होता, फक्त वेळ तीन मिनिटांपूर्वी निघून गेली होती. घड्याळाचा काही दोष नाही. ते आता पूर्ण फेरा मारून रात्रीच्या पावणेतीनला वाजणार होतं.

बर्फ न्यायला आलेले हातगाडीवाले दार वाजवायला लागले तेव्हा जानू उठला. धावपळ करून निम्म्या लाद्या सुटल्या. भरती कुणासाठी थांबत नसते. सात बोटी बर्फाविना खाडीतच राहिल्या, आणि त्यांची ती भरती वाया गेली. महिनाभर त्या सात बोटींच्या तांडेलांपैकी एकही जानूशी बोलला नाही. त्याची बायको चंद्रकांता बंदरावर मासळी घ्यायला गेली की बायका विचारत, तुझ्या नवऱ्याचं घड्याळ आजचं हाय का उद्याचं. ती टोपली उचलून पुढे जायची. घरी येऊन मात्र तिने जानूला एकच गोष्ट विचारली.

"काटा लावलास तवा घड्याळाचं तोंड बघितलं व्हतंस?"

जानू म्हणाला, आधी बघितलं होतं.

"आधी नाय. लावल्यावर."

तेव्हापासून जानूला ती सवय लागली. गजर लावायचा, मग पुन्हा एकदा घड्याळात बघायचं. लावलेली वेळ गेलेली असेल तर आडवं व्हायचंच नाही, सरळ कामाला लागायचं. पुढच्या तेरा वर्षांत त्याची एकही भरती चुकली नाही.

चंद्रकांताचा दिवसही तिथीवर चालायचा. भरतीबरोबर बोटी आत आल्या की बंदरावर मासळीचा लिलाव, तिथून टोपली भरून बोईसरचा बाजार. घरात मासळी ठेवायची सोय नाही, त्यामुळे जी घेतली ती त्याच दिवशी विकायची. म्हणून रोज उठायचं, रोज जायचं. बोटी आल्या नाहीत तरी जाऊन बघावं लागायचंच. चाळिशी गाठेपर्यंत तिचे गुडघे बोलायला लागले. तिने नवऱ्याकडे कधी साडी मागितली नाही. मागितली ती एक पेटी. दुहेरी फळ्यांची, आतून पत्रा लावलेली, बर्फ दोन दिवस टिकेल अशी. म्हणजे एकाआड एक दिवस बंदरावर गेलं तरी चालेल. ज्या माणसाने गावाला बर्फ पुरवला त्याच्या घरात बर्फ ठेवायला जागा नाही, हे ती हसून सांगायची. पण सांगायची दर वर्षी.

१९९१ साली मालकाने जुनं यंत्र विकलं आणि कारखाना बंद केला. जानू एक्केचाळीस वर्षांचा. महिनाभराने तो मुरब्याहून एसटीने बोईसरला गेला आणि औद्योगिक वसाहतीत फाटकं मोजत फिरला. अकराव्या फाटकाला काम मिळालं. छोटा इलेक्ट्रॉनिकचा कारखाना होता, तीस माणसांचा. ठेकेदाराकडून, रोजावर. काम काय, तर टेस्टिंगच्या खोलीत सामान हलवायचं, तयार माल गरम पेटीत आणि थंड पेटीत ठेवायचा, मीटरचे आकडे वहीत लिहायचे. आकडे लिहायला त्याच्याइतका चोख माणूस तिथे नव्हता. पाच वर्षं त्याने ते केलं आणि तरी तो रोजावरच राहिला.

आता १९९६ची गोष्ट.

मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीला एक डबा हवा होता. वीटभर आकाराचा, बोटीच्या बर्फाच्या खणात मासळीबरोबर ठेवायचा. त्याने दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवायचं, तासाला एकदा त्या नोंदींचा गोषवारा करायचा. अट अशी की तीन सेलवर साठ दिवस चालला पाहिजे आणि तोवर उघडायचा नाही, कारण एकदा खारी हवा आत गेली की डबा संपला. चाचणीला दहा डबे. वर्ष संपायच्या आत ते साठ दिवस पुरे करून दाखवले तर मोठी ऑर्डर. नाही दाखवले तर टेस्टिंगची खोलीच बंद करू, असं मालकाने स्पष्ट सांगितलं. आणि दाखवले तर खोलीतली रोजावरची माणसं कायम करू, हेही सांगितलं. रोजावर दोघंच होते. एक जानू आणि दुसरा डोंगराकडच्या पाड्यावरून येणारा नवशा, जो डब्यांच्या आतले भाग सोल्डरने, म्हणजे वितळलेल्या कथलाच्या टाक्यांनी, जोडायचा.

जानूने घरी हे सांगितलं. चंद्रकांता म्हणाली, मग पेटीच्या फळ्या बघून ठेवते.

डब्याच्या आतला प्रोग्रॅम लिहिला होता सावे मॅडमनी. चिंचणीच्या, वय सव्वीस, कारखान्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उशिरा घरी जाणाऱ्या. डब्यात एक चिप होती. चिपला एका वेळी एकच काम करता येतं, म्हणून कोणत्या कामाची पाळी कधी हे ठरवणारा एक मुकादम प्रोग्रॅम असतो. त्याला मॅडम कर्नल, म्हणजे गाभा, म्हणायच्या. तो त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

जानूने लाकडी खोक्यात बर्फ भरून दहा डबे त्यात पुरले. रोज सकाळी बर्फ बदलायचा, चाचणीसाठी बाहेर काढलेल्या तारांवरून प्रत्येक डब्याच्या सेलचं माप घ्यायचं, लिहायचं. नवव्या दिवशी दहाच्या दहा डबे मेले. मॅडमनी सेल बदलले. पुन्हा नऊ दिवस. तापमान मोजणारा भाग बदलला. साडेनऊ दिवस. ऑगस्ट निम्मा सरला. नवशाने जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं की डबा मेला तर सोल्डर कच्चा म्हणतील, डबा जगला तर प्रोग्रॅम भारी म्हणतील, आपलं मरण ठरलेलं हाय.

जानूने करंट मोजायचं सुईचं मीटर काढलं. नवं आकड्यांचं मीटर होतं, पण त्याला सुईवर भरवसा. ते डब्याला जोडून तो समोर बसला, जसा एकदा विजेच्या मीटरसमोर बसला होता. दहा मिनिटांनी डब्याने नोंद केली, सुई उडाली, खाली आली. पण शून्यावर आली नाही. थोडी वरच राहिली आणि बारीक थरथरत राहिली. पुढची दहा मिनिटं थरथरतच होती. जानू तासभर बसला. मग त्याने मॅडमना बोलावलं.

"मॅडम, ह्यो डबा झोपत नाय."

मॅडम म्हणाल्या, झोपतो, काम नसलं की लगेच झोपतो.

"मग सुई कशानं हलते?"

मॅडमनी समजावून सांगितलं. चिपमध्ये एक टायमर आहे. तो सेकंदाला शंभर वेळा टकटक करतो. दर टकटकीला कर्नल उठतो, वेळ एका अंकाने पुढे करतो, कोणतं काम आलंय का बघतो, नसेल तर परत झोपतो. सगळीकडे असंच करतात.

जानूने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सेकंदाला शंभर, मिनिटाला सहा हजार, दहा मिनिटांना साठ हजार. पान त्याने मॅडमपुढे सरकवलं.

"एका नोंदीसाठी साठ हजार येळा उठतो. आमच्या कारखान्यात शांताराम म्हणून व्हता, तो सोळा येळा उठायचा तर सकाळी त्याच्या हातून लादी सुटायची. हा तर शांतारामाचा बाप हाय."

नवशा सोल्डर बाजूला ठेवून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही कसं करायचा? मग जानूने खडू, भिंत, जवळची वेळ आणि गजर हे सगळं सांगितलं. त्याला पाच मिनिटं लागली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि अडचण काढली. टकटक बंद केली तर कर्नलला किती वाजले ते कळणार कसं? तो टकटकीच मोजून वेळ ओळखतो.

"मी झोपलो तरी माझं घड्याळ चालायचं, मॅडम. मी मिनिटं मोजत नव्हतो. उठलो की तोंडाकडं बघायचो."

मॅडमनी डब्यातली सर्किटची पट्टी जवळ ओढली. तिच्या कोपऱ्यात घड्याळाची एक वेगळी बारकी चिप होतीच. नोंदीला तारीख घालण्यापुरती बसवलेली, सेलला जवळजवळ न जाणवणारी. एका सेकंदाला एक असे अंक मोजणारी. तिच्यात एखादा अंक भरून ठेवला की मोजणी तिथे पोचताच ती मोठ्या चिपला उठवू शकत होती. म्हणजे गजराचं घड्याळ डब्यात पहिल्यापासून होतं. कुणी चावी दिली नव्हती एवढंच.

त्यांनी कर्नल नव्याने लिहायला घेतला. चार दिवस म्हणाल्या, अकरा लागले. काम सोपं नव्हतं, कारण आतली प्रत्येक गोष्ट त्या टकटकीवर टेकलेली होती. मधे एकदा त्या जानूला विचारायला आल्या. चिपला दोन झोपा होत्या. एक हलकी, लगेच जाग येणारी, आणि एक गाढ, जिच्यातून उठताना चिप बराच करंट ओढायची. दरवेळी गाढ झोपवलं तर? जानूने कॉम्प्रेसरचा चाळीस मिनिटांचा हिशोब सांगितला आणि म्हणाला की तुमचा आकडा मला ठाऊक नाही, तो मीटरपुढे बसूनच काढावा लागतो. दोघं बसले. आकडा निघाला: सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी सवड असेल तर हलकी झोप, नाहीतर गाढ.

सप्टेंबरच्या मध्याला नवे डबे बर्फात गेले. जानूने सुईचं मीटर लावलं. नोंद झाली, सुई उडाली, खाली आली, आणि शून्याच्या रेघेवर येऊन पडून राहिली. दहा मिनिटं हलली नाही. जानूने मीटरवर टिचकी मारून बघितलं, काटा अडकला तर नाही ना. अडकला नव्हता.

मालक येऊन बघून गेला. मॅडमनी हिशोब केला, साठच काय, सत्तर दिवस निघतील.

चौथ्या दिवशी सहा नंबरच्या डब्यातल्या नोंदी काढल्या तर मधेच खड्डा. आदल्या दिवशी दुपारी चारची नोंद होती, त्यानंतरची थेट दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांची. मधे काही नाही. मग डबा पूर्ववत चालू. दुसऱ्या दिवशी दोन नंबरचा डबाही तसाच निघाला. मालक म्हणाला ओल गेली असेल, किंवा टाका सुटत असेल. नवशाला बोलावून त्याने सगळ्यांदेखत विचारलं.  नवशाने दोन्ही डबे उघडले, भिंगाखाली प्रत्येक टाका दाखवला. टाके चकचकीत होते. तरी मालकाने उद्यापासून सोल्डरला दुसरा माणूस बघू असं सांगितलं.

जानूला हे पटलं नाही. त्याने दोन्ही डब्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. सहा नंबर दुपारी चारला झोपला, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी उठला. अठरा तास बारा मिनिटं. दोन नंबर रात्री अकराला झोपला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी उठला. त्याने बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. अठरा तास बारा मिनिटं.

तो मॅडमच्या टेबलाशी गेला. मालक तिथेच उभा होता.

"शेठ, ओल घड्याळ बघून काम करत नाय. कच्चा टाका अठरा तास बारा मिनिटंच कसा सुटेल, दोनी डब्यांत?"

मग मॅडमकडे वळून म्हणाला, "ह्यो डबा बिघडला नाय. ह्यानं गजर लावला, पण येळ निघून गेल्यावर लावला. आता ह्याचं घड्याळ पुरा फेरा मारून येतंय. माझं बारा तासांत यायचं. तुमचं किती तासांत येतं?"

मॅडमनी पेन घेतलं. घड्याळाची चिप पासष्ट हजार पाचशे छत्तीसपर्यंत मोजते आणि पुन्हा शून्यावर येते. सेकंदाला एक अंक. त्यांनी साठने भागलं, पुन्हा साठने भागलं. अठरा तास, बारा मिनिटं, सोळा सेकंद. त्या पेन ठेवून खुर्चीत मागे टेकल्या.

मग जानूने पंचमीची गोष्ट सांगितली, सात बोटींसकट. मालकापुढे स्वतःची चूक सांगायला त्याला काही वाटलं नाही.

पुढचं मॅडमना दिसायला वेळ लागला नाही. तासाच्या ठोक्याला दोन कामं असायची. आधी तापमानाची नोंद, आणि दोन सेकंदांनी गोषवारा. एरवी नोंद सेकंदाच्या आत व्हायची. पण माप डळमळलं की ती पुन्हा पुन्हा मोजली जाई आणि क्वचित जवळजवळ दोन सेकंद लागत. मग गजर लावेपर्यंत गोषवाऱ्याची वेळ निघून गेलेली. कर्नल मात्र शांतपणे त्याच गेलेल्या वेळेचा गजर लावून झोपी जायचा.

"मी गजर लावायच्या आधी वेळ तपासते," मॅडम म्हणाल्या. "तरी असं कसं झालं?"

"आधी नाय," जानू म्हणाला. "लावल्यावर."

बारक्या चिपमध्ये वेळ भरेपर्यंतही सेकंद पालटू शकतो, हे मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या कबूल केलं. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढल्या. गजर लावा, पुन्हा घड्याळ वाचा, वेळ गेली असेल तर झोपू नका. आणि जानूच्या पाव तासाच्या नियमाप्रमाणे नोंद व गोषवारा ही दोन्ही कामं आता एकाच उठण्यात होऊ लागली. दुसरा सोल्डरवाला आला नाही. मालकाने नवशाला काही म्हटलं नाही, पण जानूने म्हणायला लावलं. मापाच्या वहीत त्या दिवशीच्या तारखेखाली त्याने लिहिलं, टाके तपासले, दोष नाही, आणि त्याखाली मालकाची सही मागितली. मालकाने केली.

सप्टेंबरच्या शेवटी दहा डबे पुन्हा बर्फात गेले. दसरा झाला, दिवाळी झाली. जानू सुट्टीच्या दिवशीही बर्फ बदलायला यायचा, कारण बर्फ सुट्टी घेत नाही. रोजच्या नोंदी तो खड्ड्यासाठी चाळायचा. खड्डा दिसला नाही. साठावा दिवस नोव्हेंबरात आला. दहाही डबे जिवंत होते. त्या दिवशी मॅडम घरून नारळाच्या वड्या घेऊन आल्या. नवशाने दोन खाल्ल्या आणि तिसरी हातात घेऊन म्हणाला, प्रोग्रॅम भारी हाय बरं का मॅडम, पण टाके त्याहून भारी. मॅडमनी ते मान्य केलं. शेवटचा डबा एकाहत्तराव्या दिवशी थांबला.

जानेवारीत जानू आणि नवशा दोघंही कायम झाले. जानू सेहेचाळीस वर्षांचा होता. चोवीस वर्षं काम केल्यावर पहिल्यांदा त्याला महिन्याचा पगार मिळाला, आणि सुट्टीच्या दिवसाचेही पैसे.

पेटी लगेच झाली नाही. आधी घराचं छप्पर, मग मुलीचं लग्न. १९९९च्या पावसाळ्याआधी मुरब्यातल्याच सुताराने ती बनवली. सागाच्या फळ्या परवडल्या नाहीत, आंब्याच्या घेतल्या. दोन फळ्यांमध्ये चार बोटं थर्माकोल, आत पत्रा, तळाला पाणी जायला नळी. झाकण बसवलं तेव्हा जानूने फटीत कागद घालून ओढून बघितला. एका कोपऱ्यात कागद सुटला. सुताराला त्याने ते झाकण पुन्हा करायला लावलं. मग बर्फ भरला, आणि मॅडमकडून मागून आणलेला चाचणीतला एक जुना डबा नवे सेल घालून आत ठेवला. दोन दिवसांनी नोंदी बघितल्या. बर्फ टिकला होता, आणि आणखी काही तास पुरेल एवढा उरलाही होता.

पहिल्या आठवड्यात चंद्रकांता सवयीने भरतीलाच जागी व्हायची. उठून बसायची, पेटीवर हात ठेवायची, आज जायचं नाही हे आठवायची. जानू अंधारातच सांगायचा, अगं झोप, मासळी आत हाय. नंतर ती उठेनाशी झाली. तिचा गजरही जानूच लावायचा, लावून पुन्हा एकदा घड्याळ बघायचा.

जानूच्या पगारातून शेवटी ही पेटी झाली, आणि चंद्रकांता एकाआड एक दिवस सहा वाजेपर्यंत झोपू लागली.